पाचवा पेशंट

लग्नाच्या मुलीचा बाप मुलाचं घर बघायला जातो तेव्हा काय काय बघतो, हे आपल्याला माहीत आहे. जमीन किती, नोकरी कायम आहे का, मुलगा तंबाखू खातो का. आमचे साहेब पाणी बघायचे. मुलाकडच्यांनी पेले आणून ठेवले की ते खिशातून काचेची एक बारीक नळी आणि औषधाची छोटी बाटली काढत. नळीत पेल्यातलं पाणी घेत, वर दोन थेंब टाकत आणि नळी खिडकीच्या उजेडात धरत. पाणी पिवळं झालं तर त्यात जंतू मारायची पावडर पडलेली आहे. नाही झालं तर ते तसंच विहिरीतून उचलून आणलेलं. येलदरीकडच्या एका घरी पाणी पिवळं झालं नाही, तर साहेब पोह्यांची बशी खाली ठेवून उठले. मुलगा चांगला सरकारी नोकरीत होता, घरी जीप होती. पुढच्या घरी, सेलूला, नळी हळदीसारखी पिवळी झाली आणि साहेबांनी तिथल्या तिथे "आपल्याकडून पक्कं" सांगून टाकलं. मुलगा त्या वेळी घरात नव्हताच, दळण आणायला गेला होता. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. सांगताना ती इतकी हसत होती की मध्येच तिला उठून पाणी प्यावं लागलं.

साहेब परभणीला जिल्हा आरोग्य कार्यालयात साथरोगाचे पर्यवेक्षक होते. हगवण, कॉलरा, कावीळ, गोवर असं त्यांचं खातं. मी तिथे नोकरीला लागले ते नव्वदच्या सुमारास, आणि साहेब तेव्हा सत्तावन्नचे होते, म्हणजे रिटायर व्हायला एक वर्ष. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खांद्याला फिरकीचा पितळी तांब्या आणि अंगाला टीसीएलचा वास. टीसीएल म्हणजे विहिरीत टाकतात ती पावडर. तिची एक पुडी त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचीच, त्यामुळे खिशाचं कापड विरून गेलेलं होतं. घरच्या तांब्यातलं पाणी सोडून दुसरीकडचं पाणी त्यांनी तपासल्याशिवाय कधी तोंडाला लावलं नाही. कलेक्टरांच्या बंगल्यावर एकदा सगळ्यांना चहाला बोलावलं होतं, तर तिथेही नळी बाहेर आली. पिवळं झालं म्हणून बरं, नाहीतर आमच्या सगळ्या ऑफिसची बदली एकदम झाली असती.

"मला खबर पाहिजे, अहवाल नको," हे त्यांचं पालुपद. अहवाल दर शनिवारी यायचे, जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातून एकेक. बहुतेकांवर एकच शब्द लिहिलेला: निरंक. म्हणजे या आठवड्यात कोणी आजारी नाही. एका केंद्रातल्या कारकुनाने तर पुढच्या सहा आठवड्यांचे निरंक अहवाल सह्या करून एकदम पाठवून दिले होते, दर आठवड्याची खटपट नको म्हणून. साहेबांनी त्याला कार्यालयीन पत्र लिहिलं की पुढल्या महिन्यात कोणी आजारी पडणार नाही हे आपणास आजच दिसते आहे, तरी आमच्या कन्येची पत्रिका सोबत जोडली आहे, कृपया पाहून कळवावे. जावक क्रमांक टाकून पाठवलं ते पत्र.

खबर मात्र ते स्वतः आणायचे, आणि ती मिळायची बसस्टँडवर. रोज सकाळी आठला ते तिथे उभे असत आणि गावोगावहून आलेल्या गाड्यांच्या कंडक्टरांना गाठत. कुठल्या थांब्यावर कोण ओकलं, कुठल्या फाट्यावर रोजची माणसं आज चढली नाहीत, कुठल्या बाजारात लिंबं लवकर संपली. कंडक्टर आधी हसले. मग त्यांनाही चटक लागली. एकजण तर तिकिटांच्या पेटीत चिठ्ठी घेऊनच यायचा: "देवगाव फाटा, उलट्या दोन, एक खरी, एक तंबाखूची." विद्यापीठाच्या नावावरून आंदोलन पेटलं आणि चार दिवस एसटी बंद राहिली की साहेब कावरेबावरे व्हायचे. जिल्हा मुका झाला म्हणायचे, आणि सायकल काढून स्वतः निघायचे.

मग यंत्र आलं. आमच्या ऑफिसातल्या एका खोलीला थंड हवेचं मशीन बसवलं, दाराशी चपला काढायचा बोर्ड लावला, नारळ फोडला आणि कॉम्प्युटर ठेवला. गच्चीवर मोठी ताटली बसवली. मी औरंगाबादला कोर्स केलेली, म्हणून मी ऑपरेटर. काम सोपं होतं. शनिवारी आलेले अहवाल गाववार टाइप करायचे. एका गावात एका आठवड्यात ठरावीक आकड्याइतके पेशंट झाले की यंत्र वाजायचं, प्रिंटरमधून इशाऱ्याचा कागद निघायचा आणि तोच इशारा गच्चीवरच्या ताटलीतून आभाळमार्गे मुंबईला जायचा. साहेबांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट पुढची होती. तो कागद निघाला की डॉक्टर, जीप आणि टँकर कोणालाही न विचारता सुटायचे. तोवर एका जीपसाठी साहेब आठ-आठ दिवस टेबलं फिरत आले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी मला ते वाजवून दाखवायला सांगितलं. मी खोटं गाव, खोटे पेशंट टाकले. यंत्र टुंग टुंग वाजलं, प्रिंटर करकरत चालू झाला आणि साहेब खुर्चीत बसून चष्मा पुसू लागले. दुसऱ्या दिवशी तीन कंडक्टर पायमोज्यांवर आत आणून त्यांनी त्यांनाही ऐकवलं. एकाने विचारलं की हे तिकीट पण फाडतं का. साहेबांनी त्याला बाहेर काढलं.

तो ठरावीक आकडा किती, हे आता सांगायला हवं. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, किती टाकायचा. साहेब त्या दिवशी पालमला गेले होते. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे कार्यालयाचे मुख्य, घाईत होते. "टाका तुमच्या अंदाजाने," एवढं बोलून ते गेले. मी पाच टाकला. पाच का, असं कोणी विचारलं असतं तर हाताला बोटं पाच असतात, यापलीकडे मला काही सांगता आलं नसतं. त्याने एक कागद पुढे केला, मी त्यावर सही केली, आणि तो कागद फायलीत गेला.

यंत्राचे पहिले महिने मजेचे गेले. एकदा दोन दिवस इशाऱ्याची चाचणी मुंबईला पोचेना. साहेब गच्चीवर गेले तर शिपायाने ताटलीसमोरच्या दांडीवर दोन ओली धोतरं आणि एक सतरंजी वाळत घातलेली. साहेबांनी त्याला मेमो दिला, त्यात कारण लिहिलं: जिल्ह्याच्या तोंडावर सतरंजी टाकली.

आणि मग मार्च आला. महिनाअखेरीच्या शनिवारी सेलू तालुक्यातल्या एका केंद्राचा अहवाल मी टाइप करायला घेतला. देवगाव फाट्यापासून आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून चिडतात. त्या एका गावात हगवणीचे पेशंट एकशे चाळीस. यंत्र असं वाजू लागलं की बंद होईना. साहेब तांब्या सावरत धावत आले. दोन जीपा, टँकर, सलाइनची खोकी, स्वतः मोठे डॉक्टर, आणि कामाचं फळ डोळ्यांनी बघावं म्हणून मी, असे आम्ही धुरळा उडवत दुपारी गावात शिरलो. मुंबईहून दोनदा फोन येऊन गेला होता.

गावात घराघराला कुलपं होती. पारावर एक म्हातारा आणि त्याच्यासमोर सात-आठ शेळ्या. साहेबांनी धापा टाकत विचारलं, बाकीचे कुठं आहेत. म्हातारा म्हणाला, ऊस तोडायला कारखान्यावर, दिवाळीपासून गाव रिकामंच आहे. मग आजारी कोण आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी जरा आवाज चढवून विचारलं. म्हाताऱ्याने बराच विचार केला.

"माझा गुडघा दुखायलाय," तो म्हणाला.

साहेबांनी खरोखर त्याचा गुडघा बघितला. टँकर रिकामा केल्याशिवाय परत न्यायचा नाही असा नियम असल्यामुळे ड्रायव्हरने गावातले सगळे हौद भरले आणि शेळ्या पोटभर प्याल्या. नंतर उलगडा झाला तो असा. केंद्रातल्या कारकुनाकडे जलसंजीवनीची एकशे चाळीस पाकिटं पडून होती आणि एकतीस मार्चच्या आत ती वापरलेली दाखवायची होती. पाकीट वापरलं म्हणजे पेशंट हवा, म्हणून त्याने तेवढे पेशंट लिहिले. आणि गाव निवडताना डोकं चालवलं. जिथे तक्रार करायला कोणी नाही असं गाव निवडलं.

मोठ्या डॉक्टरांची मुंबईत शोभा झाली. मला मेमो मिळाला की एवढा आकडा आला तेव्हा आपण शहानिशा का केली नाही. मी नोकरीत नवी, कायमसुद्धा झाले नव्हते. मी थंड खोलीत बसून रडले. नवा नियम निघाला की प्रत्येक पेशंटमागे केंद्रातल्या डॉक्टरच्या सहीचा केसपेपर पाहिजे, नाव, वय, गाव सगळं. त्याशिवाय यंत्रात एक आकडा जाणार नाही, आणि यंत्र वाजल्याशिवाय एक जीप हलणार नाही. साहेब कारकुनावर फार चिडले नाहीत. त्यांना वाईट वाटलं ते यंत्राचं. त्याला पहिलं खोटं आपल्याच जिल्ह्याने शिकवलं, असं ते बरेच दिवस म्हणत राहिले.

मे महिन्यात पालमच्या गाडीच्या कंडक्टरने खबर आणली. एका थांब्यावर एक म्हातारी रोज दह्याचं गाडगं घेऊन चढते, ती तीन दिवस दिसली नव्हती. साहेबांनी तेवढ्यावर सोमवारी गाडी पकडली. गावात पोचले तर म्हातारीचे दोन नातू, सून आणि शेजारचा एकजण हगवण-उलट्यांनी आडवे. ऊसतोडीवरून गाव नुकतं परतलं होतं, विहिरी आटल्या होत्या आणि सगळं गाव नदीच्या वाळूत खोदलेल्या एका झिऱ्याचं पाणी पीत होतं. साहेबांनी चौघांना बैलगाडीतून केंद्रात नेलं, केसपेपर करून घेतले. मग झिऱ्यात टीसीएल टाकली. संध्याकाळपर्यंत बायांनी शेजारी दुसरा झिरा खोदला. साहेब, पाण्याला तुमच्या अंगासारखा वास यायलाय, असं त्यांना तोंडावर सांगितलं.

आणि येत्या रविवारी गावात लग्न होतं. आजूबाजूच्या गावांतून वऱ्हाड येणार, जेवणावळ उठणार आणि सगळे त्या झिऱ्याचं पाणी पिणार. साहेबांना कॉलऱ्याचा संशय होता. रविवारच्या आत टँकर आणि डॉक्टर तिथे पोचले नाहीत तर काय होईल, हे सांगायला त्यांना कोणतं यंत्र लागत नव्हतं.

मंगळवारी ते मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण मार्चमध्ये पोळलेला होता. चार पेशंट आहेत, पाच झाले की यंत्र सांगेल आणि आपण लगेच निघू, असं त्यांनी सांगितलं. साहेब तिथून चपला काढून माझ्या खोलीत आले.

"बाई, पाचाचं चार करता येतं का?"

मी म्हणाले, "नाही साहेब. त्याला वरून आदेश लागतो."

हे खोटं होतं. तो आकडा माझा होता आणि दोन बटणं दाबून मी तो बदलू शकत होते. पण मेमो टेबलाच्या खणात होता. मन खाऊ लागलं म्हणून मी हळूच विचारलं की केंद्राकडून एखादं नाव वाढवून मागवू का.

"खोटं न्हाई लिहायचं," साहेब म्हणाले. "खोटं लिहिलं म्हणून तर आज खऱ्याला कोणी इचारंना."

ते तांब्याची फिरकी उघडून दोन घोट पाणी प्याले आणि पालमची गाडी गाठायला निघून गेले.

शनिवारी दुपारी अहवाल बंद व्हायच्या तासभर आधी तोच कंडक्टर आला. आज त्याने न सांगता चपला बाहेर काढल्या होत्या. त्याने खिशातून घडी घातलेला केसपेपर काढला. पाचवा पेशंट, पुरुष, वय सत्तावन्न, मुक्काम तेच गाव. नाव आमच्या साहेबांचं.

कंडक्टरने मग मला सगळं सांगितलं. साहेब बुधवारी नव्या झिऱ्याशी जाऊन बसले. तांब्यातलं परभणीचं पाणी वाळूत ओतलं, झिऱ्यातलं भरून घेतलं आणि गटागटा पूर्ण तांब्या रिकामा केला. बायांना वाटलं, साहेबांना एकदाचं आमचं पाणी गोड लागलं. गुरुवारी साहेबांना काही झालं नाही. गावाला अभिमान वाटला, आपलं पाणी साहेबांना बाधलं नाही म्हणून. साहेब मात्र चिडचिडे झाले आणि आणखी एक तांब्या प्याले. शुक्रवारी पहाटे पोटात मुरडा आला तेव्हा त्यांनी आधी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. मग बैलगाडीतून केंद्रात गेले, रांगेत बसले आणि केसपेपर मागितला. राहणार कुठले, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा तीन दिवस मुक्काम आहे, याच गावचा लिहा, म्हणाले. सलाइन लावलेल्या हाताने त्यांनी कागद कंडक्टरच्या हवाली केला आणि निरोप दिला की बाईंना सांगा, टाइप करताना वय बरोबर लिहा.

मी वय बरोबर लिहिलं. यंत्र वाजलं. मी तो इशाऱ्याचा कागद फाडून घेतला आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे पळाले, त्या पळण्यात माझ्या पायात चपला नव्हत्या हे मला जिन्यात कळलं. नाव वाचल्यावर डॉक्टरांनी डोक्याला हात लावला, मग टेबलावरची किल्ली उचलली आणि स्वतः जीप चालवत निघाले. टँकर मागोमाग. रविवारी लग्न लागलं ते टँकरच्या पाण्यावर. दोन्ही झिरे बुजवले होते. पाण्याला वास येतो म्हणून वऱ्हाडाने कुरकुर केली, नवऱ्याचा मामा रुसला, पण बुंदी जास्त खाल्लेल्या दोघांखेरीज कोणाचं पोट बिघडलं नाही. म्हातारीचे नातू आठवड्याने नदीत हुंदडायला लागले.

साहेबांना परभणीच्या दवाखान्यात आणलं. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, आणि अशा अवस्थेत ते नर्सला हंड्यातलं पाणी तपासायला सांगत होते. मी रोज जात होते आणि रोज काही न बोलता परत येत होते. त्यांची बायको त्यांना वेडा माणूस म्हणायची आणि माझ्यापुढे मोसंबी सोलून ठेवायची. मी ती तशीच ठेवून उठायचे.

पाचव्या-सहाव्या दिवशी ते गाव भेटीला आलं. पंधरा-वीस माणसं, हळद न उतरलेले नवरानवरी, आणि पुढे गाडगं घेतलेली ती म्हातारी. साहेबांनी दह्याचं गाडगं जवळ घेतलं, वास घेतला, आणि काही न तपासता बोटाने चाटलं. सगळे हसले. म्हातारी हसली नाही. ती खाटेच्या कडेला टेकली आणि बराच वेळ त्यांच्या हाताच्या सुईकडे बघत राहिली.

"चौघं पडली तवर कोणी फिरकलं न्हाई," ती म्हणाली. "मग लोक म्हणले, पाचवा झाला म्हणून गाडी आली. तवा म्हटलं, आमच्या गावचा पाचवा कोण हाय, त्येला बघून यावं."

साहेबांनी तिचा हात थोपटला. माझं मात्र तिथे उभं राहणं कठीण झालं. तिचे दोन नातू आणि सून, असे घरातले तिघं त्या चारांत होते, आणि तीन नि एक चार कमी आहेत हे मी ठरवलं होतं. गावातली माणसं खाली उतरून गेली, साहेबांची बायको त्यांना सोडायला गेली, तेव्हा मी सांगून टाकलं.

"साहेब, तो पाचाचा आकडा मीच टाकला होता. मला बदलता येत होता. मी घाबरले."

"ठाऊक हाय," साहेब म्हणाले. "तुमच्या सहीचा कागद फायलीत हाय. मी त्या मंगळवारीच बघितला."

मला रडू फुटलं. मग मला दटावलं का नाही, जबरदस्तीने बदलायला का लावलं नाही, असं मी विचारलं. साहेबांनी उशीवर मान वळवली.

"तुमची नोकरी नवी हाय बाई," ते म्हणाले. "माझं पोट जुनं हाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्याबरोबर मी यंत्र सुरू केलं आणि पाचाच्या जागी एक टाकला. खाली, आकडा कोणी बदलला या जागी, मी माझं पूर्ण नाव लिहिलं.